महात्मा फुले योजनेतून बाबांची अँजिओप्लास्टी केली, माझा अनुभव

डिसेंबर २०२४ ची गोष्ट आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, कापसाची दुसरी वेचणी चालू होती आणि बाबा वावरातच छाती धरून बसले. माय म्हणे पित्त झालं असंल, बाबा म्हणे गॅस आहे, थोडा सोडा दे. मी ऐकलं नाही, मोटरसायकलवर मधात बसवून ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनं दहा मिनिटांत ईसीजी काढला, गोळ्या चघळायला दिल्या आणि १०८ बोलावली. त्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी दोन दिवस राहिलो, तब्येत सावरली, मग अँजिओग्राफी (हृदयाच्या नसांची तपासणी) करून घ्या असं सांगितलं आणि आम्ही नागपूरला एका खाजगी दवाखान्यात नेलं, कारण तो महात्मा फुले जन आरोग्य योजनेत, म्हणजे सरकारी पैशानं मोफत इलाज होते त्या योजनेत, आहे असं भाच्यानं सांगितलं होतं. हे सगळं सविस्तर लिहितोय कारण आमच्याकडं दर दुसऱ्या घरी बीपी-शुगर आहे आणि योजना आहे हे सगळ्यांना माहीत आहे पण ती चालते कशी हे फार कमी लोकांना माहीत आहे, मलाही नव्हतं.

पहिली चूक माझीच. दवाखान्यात गेल्याबरोबर मी भरतीच्या काउंटरवर गेलो. तिथं न जाता आधी आरोग्यमित्राकडं, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडं, जायचं असते. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात त्यांचा टेबल असतो, बहुतेक एका कोपऱ्यात. मी काउंटरवर गेल्यामुळं त्यांनी कॅशचा पेशंट म्हणून नोंद केली, अँजिओग्राफी आणि तपासण्यांचे १४,५०० रुपये भरायला लावले आणि म्हणाले योजनेचं नंतर बघू. खिशात चार हजार होते. घरी भावाला फोन लावला, तेव्हा बाबा दवाखान्यातल्या बेडवरून म्हणते, "कापूस ईकून टाक बाबू, मले वाचवाचं असंल त भाव पाहू नको." त्या वर्षी मध्यम धाग्याचा हमीभाव ७,१२१ होता, पण हमीभावाच्या खरेदीत नंबर लागून खात्यात पैसे यायला दिवस जातात, म्हणून भावानं व्यापाऱ्याला घरूनच ६,७०० नं चार क्विंटल दिला. क्विंटलमागं चारशेच्या वर तिथंच गेले. असं नुकसान दवाखान्याच्या बिलात कुठं दिसत नाही.

रिपोर्ट आला, एका नसेत मोठं ब्लॉकेज, स्टेंट (नस उघडी ठेवणारी बारीक जाळी) लागणार. आता आरोग्यमित्र ताईंकडं गेलो. त्यांनी आधार आणि रेशन कार्ड मागितलं. आमचं केशरी. पण आता रंगाचं तेवढं महत्त्व राहिलं नाही, १ जुलै २०२४ पासून पांढरं कार्डवालेही योजनेत आले आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं ते पाच लाख झालं. त्याच्या आधी यवतमाळ धरून १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्याला सातबारा दाखवून मिळत होतं. आमची अडचण वेगळीच निघाली. आधारवर बाबांच्या नावापुढं 'राव' आहे आणि रेशन कार्डावर नाही. ऑनलाइन नाव जुळंना. आणि बोटाचा ठसा घेतला तर तोही येईना, चाळीस वर्ष पऱ्हाटीत हात घातलेल्या माणसाचं बोट आहे ते, मशीन ओळखत नाही. ओटीपी मागवला तर आधारला जोडलेला नंबर चार वर्षांपूर्वी बंद पडलेल्या सिमचा. शेवटी ताईंनी चेहऱ्याच्या पडताळणीनं काम केलं, तेही बाबांना खिडकीजवळ बसवून, तीन वेळा फोटो काढून. नावाच्या फरकासाठी तलाठ्याचा दाखला लागेल म्हणाल्या, तो भावानं गावावरून व्हॉट्सॲपवर पाठवला, मूळ कागद दुसऱ्या दिवशी एसटीनं आला.

त्यानंतर पूर्वमंजुरी. म्हणजे दवाखाना रिपोर्ट, ईसीजी, अँजिओग्राफीची सीडी, पेशंटचा फोटो सगळं ऑनलाइन टाकतो, योजनेकडून बसलेला डॉक्टर बघतो आणि मंजूर करतो किंवा 'क्वेरी' काढतो. आमच्या फाइलवर क्वेरी आली, सीडी उघडत नाही म्हणून. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मीच ताईंना विचारलं, "मॅडम फाइल कुठं अडली?" म्हणून कळलं, नाहीतर बसूनच राहिलो असतो. रोज सकाळी आणि संध्याकाळी विचारत राहा. सीडी परत टाकली आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठला मंजुरी आली.

मधातच एक माणूस आला, समुपदेशक म्हणून, आणि बाजूला घेऊन म्हणाला की योजनेतला स्टेंट साधा असतो, चांगला टाकायचा असंल तर वरून पैसे भरा. त्या वेळी माणूस किती कमजोर असते हे ज्याच्यावर आली त्यालाच माहीत. बाप आत आहे आणि कोणी 'चांगला' म्हणते. पण मला एवढं माहीत होतं की स्टेंटची जास्तीत जास्त किंमत सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्येच ठरवून दिली, औषध लावलेल्या स्टेंटची तेव्हा २९,६०० होती, नंतर बदलत गेली पण मर्यादा आहेच. मी म्हणलं, पैसे भरतो, पण योजनेतल्या पेशंटकडून कशासाठी घेतले ते लेटरहेडवर लिहून द्या. तो परत आला नाही. स्टेंट पडला, बाबा तिसऱ्या दिवशी चालत वॉर्डात फिरले.

इथं दवाखान्याची बाजूही थोडी लिहितो, कारण ताईंनी आणि तिथल्या एका क्लर्कनं ती मला समजावली. योजनेत प्रत्येक ऑपरेशनचा दर ठरलेला आहे, पॅकेज म्हणतात, आणि तो पैसा पेशंट घरी गेल्यावर क्लेम पास होऊन येतो. क्लेम लांबला की दवाखाना पेशंटवरूनच काढायला बघतो किंवा बेड नाही सांगतो. याच्यावर उपाय सरकारनं वेळेवर पैसे देणं हाच आहे, आणि मी भरलेले १४,५०० बरोबर होते असा त्याचा अर्थ होत नाही. भरती झाल्यापासून सुट्टी होईपर्यंत तपासण्या, ऑपरेशन, औषधं, जेवण, परतीचं भाडं आणि सुट्टीनंतर दहा दिवसांची औषधं, एवढं पॅकेजमध्ये धरलेलं आहे.

सुट्टीच्या दिवशी एक फॉर्म सहीसाठी आला, त्यावर छापलेलं होतं की माझ्याकडून कोणतेही पैसे घेतले नाहीत. बाबा सही करायला लागले. मी थांबवलं आणि खाली हातानं लिहिलं, "१४,५०० रुपये भरले, पावती जोडली आहे", मग सही केली. क्लर्क नाराज झाला, फॉर्म दुसरा देतो म्हणाला, मी नाही म्हणलं आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवला. घरी येऊन १५५३८८ वर तक्रार केली (टोल फ्री आहे), आणि त्या जिल्ह्याच्या समन्वयकाच्या कार्यालयात पावती, सुट्टीचं कार्ड आणि तो फोटो पाठवला. चार फोन, एक चक्कर, सव्वा महिना. पूर्ण पैसे खात्यात आले.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. बाबांचा बीपी चार वर्षांपूर्वीच उपकेंद्रात निघाला होता. आशाताई गोळ्या आणून देत, मग मधात दोन-तीन महिने गोळ्याच आल्या नाहीत, बाबांनी बाहेरून घेतल्या, मग सोयाबीन गेलं त्या वर्षी बंदच केल्या आणि आम्हाला सांगितलं नाही. योजनेत भरती झाल्यावर पैसा आहे, ओपीडीला नाही, रोजच्या गोळीला नाही. आरोग्य हा राज्याचा विषय, केंद्र आरोग्य अभियानात ६० टक्के आणि राज्य ४० टक्के टाकते, २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्के करू, २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. एकूण आरोग्य खर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा हिस्सा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला, हे खरंच चांगलं झालं, आमच्या घरानं त्याचा फायदा घेतला. पण आमच्या ३९ टक्क्यांत कापसाचा पडेल भाव आहे, एसटीचं तिकीट आहे, माझी आठ दिवसांची मजुरी आहे आणि त्या बंद पडलेल्या गोळ्या आहेत. ज्या गोळीचा महिन्याचा खर्च चहाच्या खर्चापेक्षा कमी, ती गावात वेळेवर आली असती तर कदाचित लाखाचं ऑपरेशन टळलं असतं, असं मला राहून राहून वाटतं. म्हणून आता ग्रामसभेत मी दर वेळी एकच प्रश्न विचारतो, या महिन्यात उपकेंद्रात बीपीच्या गोळ्या आल्या का आणि किती. सुरुवातीला लोक कंटाळले, आता दोन-तीन जण माझ्यासोबत विचारतात.

माणूस बरा असतानाच करून ठेवा असं सांगतो: रेशन कार्ड ऑनलाइन आहे का आणि त्यावर घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का बघा, आधारला चालू मोबाइल जोडा, दोन्हीकडची नावं अक्षर न अक्षर जुळवा. घरात ७० किंवा त्याच्या वरचं कोणी असंल तर ऑक्टोबर २०२४ पासून त्यांचं मोफत इलाजासाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं निघते, उत्पन्नाची अट नाही.

परवा शेजारच्या काकांचं कार्ड तपासलं, सुनेचं नावच चढलेलं नाही आणि तिला सातवा महिना आहे. सोमवारी त्यांना घेऊन तहसीलच्या पुरवठा विभागात जातोय.