समोरचे बदलत असताना

जागेवर बसून निसर्गचित्र रंगवणाऱ्या चित्रकाराच्या मागे जरा अंतर राखून उभे राहिले, की त्याची नजर कॅनव्हासपेक्षा समोरच्या देखाव्यावरच अधिक खिळलेली दिसते. मधूनच तो डोळे किलकिले करतो. त्याने बारीकसारीक तपशील पुसट होतात आणि उजेड-सावलीचे मोठे आकार तेवढे उरतात.

त्याची खरी अडचण अशी, की समोरचे काहीच थांबत नाही. ऊन सरकते, सावल्या दिशा पालटतात, आणि सकाळी सुरू केलेले चित्र दुपारी पुढे रेटले तर एकाच आभाळात दोन सूर्य असल्यासारखे ते दिसू लागते. फ्रेंच चित्रकार मोनेने यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो : १८९०-९१मध्ये गवताच्या गंजी रंगवताना तो अनेक कॅनव्हास हाताशी ठेवी आणि उजेड बदलला की कॅनव्हासही बदली. इंग्लिश चित्रकार कॉन्स्टेबलने १८२१-२२मध्ये ढगांची जी अभ्यासचित्रे केली, त्यांतल्या कित्येकांच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा टिपलेली आहे.

टेबलावर मांडलेली फळे तरी स्वस्थ बसतील असे वाटते, पण तीही सुरकुततात. फ्रेंच चित्रकार सेझान इतक्या संथपणे काम करी, की खरी फुले टिकत नाहीत म्हणून त्याने कागदी फुलांचा आधार घेतला. इटालियन चित्रकार मोरांदीने मात्र बाटल्या, सुरया, डबे असल्या न कुजणाऱ्या वस्तू निवडल्या आणि बोलोन्या शहरातल्या आपल्या खोलीत त्याच वस्तू किंचित इकडेतिकडे सरकवून तो वर्षानुवर्षे रंगवत राहिला. कोणाला हे कंटाळवाणे वाटेल. मला तर या हट्टाचा हेवाच वाटतो.

छायाचित्रावरून काम करणे सोयीचे असते, हे खरेच. पण छायाचित्रात गडद सावली बहुधा नुसती काळी होऊन बसते, आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्याला त्याच सावलीत शेजारच्या वस्तूचा परावर्तित रंग सापडतो. पांढऱ्या कापडावरच्या लिंबाच्या सावलीला हलकी पिवळी झाक असते, ती अशी. शिवाय पाहणाराही कॅमेऱ्यासारखा एका जागी खिळलेला नसतो. सेझानच्या काही स्थिरचित्रांत, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या चित्रांत, टेबलाची कड कापडाच्या एका बाजूला वर, तर दुसऱ्या बाजूला खाली निघते. त्याला सरळ रेघ मारता येत नव्हती म्हणून हे झाले, असे मला वाटत नाही. बराच वेळ पाहताना मान हलते, माणूस खुर्चीत सरकून बसतो, आणि ते सरकणेही त्याने रंगवले असावे.