गुरांच्या वाटेने किंबर्लीत

ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडच्या किंबर्ली भागातलं डर्बी मागे पडलं आणि काही वेळाने डांबरही संपलं. पुढे लाल मातीचा गिब रिव्हर रोड, साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. कडेला फुगीर बुंध्याचे बोआब. पहिलं झाड दिसताच मी गाडी थांबवायला लावली. वसईत पाहिलेल्या गोरखचिंचेची ही चुलत बहीणच!

हा रस्ता आमच्यासारख्या हौशी प्रवाशांसाठी झालेला नाही. १९६०च्या दशकात गुरं डर्बी आणि विंडमच्या बंदरांकडे नेता यावीत म्हणून तो काढला. इथे 'स्टेशन' म्हणजे मैलोन्‌मैल पसरलेलं गुरांचं रान. तिथे घोड्यावरून गुरं वळवणारे स्टॉकमन बहुतेक आदिवासी. मोबदला काय, तर पीठ, चहा, तंबाखू. रोख पैसा नावापुरता, तोही सगळ्यांना नाही. १९६८ साली समान वेतन लागू झालं, तेव्हा कित्येक मालकांनी अख्खी कुटुंबं स्टेशनांवरून घालवून दिली. ती जमीन मुळात त्यांच्याच पूर्वजांची होती, हे आठवलं की माझा संताप होतो.

सॅम लव्हेल त्याच पिढीतले. मिश्र वंशाची मुलं घरातून उचलून नेण्याचं तेव्हा सरकारी धोरणच होतं. सॅमनाही लहानपणी आईपासून तोडून मूला बुला या सरकारी स्टेशनवर ठेवलं. पुढे ते स्टॉकमन झाले. अनेक वर्षं गुरांमागे हिंडताना कुठल्या ओढ्याला कोरड्या महिन्यांतही पाणी टिकतं, कुठली वाट पावसात बुडते, हे त्यांना पाठ झालं. १९८०च्या दशकात पत्नी रोझिटांसोबत त्यांनी याच भांडवलावर पाहुण्यांना किंबर्ली दाखवायला सुरुवात केली. आदिवासी माणसाने स्वतःचा पर्यटन व्यवसाय चालवणं तेव्हा इथे जवळपास नवलच होतं. लोक त्यांना 'मिस्टर किंबर्ली' म्हणू लागले.

संध्याकाळी टनेल क्रीकला पोचलो. डोंगराच्या पोटातून साडेसातशे मीटर वाहणारा ओढा. बुनुबा या आदिवासी जमातीचा लढवय्या जंडामारा इथेच लपत असे आणि १८९७ मध्ये इथेच मारला गेला. त्याचंही लहानपण स्टेशनवर गेलेलं. आमचा बुनुबा वाटाड्या हे सांगताना थांबला आणि म्हणाला, "आता बॅटऱ्या बंद करा." गुडघाभर गार पाण्यात आम्ही उभे होतो. कोणी काही बोललं नाही.