माटोळीखालची चवथ

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, मित्राच्या घरी मी मुद्दाम चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोहोचलो. गणपती अजून यायचा होता, पण भाऊबंद मुंबई-बेळगावहून केव्हाच जमले होते आणि राजांगणात, म्हणजे घरातल्या मधल्या चौकात, फळांचा ढीग पडला होता. माटोळी बांधायची होती ना!

माटोळी म्हणजे मूर्तीच्या बरोबर वर, छताला टांगलेली लाकडी चौकट. तिला नारळाची पेंड म्हणजे घोस, सुपारीची शिपटी, केळ्यांचा घड, तवशी म्हणजे मोठी काकडी, चिबूड असं एकेक बांधत जायचं. परसातलं संपलं की रानातलं. लालभडक कवंडाळं मी प्रथमच इतक्या जवळून पाहिली. दिसायला देखणी, पण तोंडात घालायची सोय नाही. ‘हांगा धर रे,’ म्हणत मित्राच्या काकांनी एक घोस माझ्या हातात दिला आणि सालीच्या दोरीने चटकन गाठ मारली. चौकट जरा एका अंगाला कलली की ते सगळं सोडून पुन्हा बांधायला लावायचे. कुठली वेल कुठल्या डोंगरात सापडते, हे घरात त्यांनाच माहीत. पोरांना फोंड्याच्या बाजारातून आयतं आणणं सोयीचं वाटतं, त्यावरून दरवर्षी कुरबुर.

पुण्यातली मखरं मलाही आवडतात. पण इथे नजर आधी वर जाते, मग मूर्तीवर येते.

जेवायला खतखतं, म्हणजे अनेक भाज्यांची एकत्र आमटी, आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या. किती खाल्ल्या ते विचारू नका.

शेजारी मूर्तीच नव्हती, कागदावरच्या गणपतीची पूजा होती. पोर्तुगिजांच्या धर्मछळात देव लपवावा लागे, तेव्हापासूनची ही रीत, असं आजींनी सांगितलं. फोंडा १७६३ साली पोर्तुगिजांकडे गेला. त्याआधी पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या भागातली कितीतरी घराणी देव घेऊन इकडे आली होती.

रात्री आरती. बोलणं सगळं कोंकणी, आरत्या मात्र मराठी! आपण आरती उरकतो. इथे घुमट, शामेळ हा ढोल आणि कांसाळे म्हणजे झांजा यांवर ती रंगत जाते. घुमट म्हणजे मातीचं भांडं, एका तोंडाला चामडं ताणलेलं. पूर्वी ते घोरपडीचं असे. आता त्यावर बंदी, म्हणून बकरीचं. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं, तरी काकांच्या मते जुना नाद गेला तो गेलाच. मला काही फरक कळला नाही, ठेका धरून तळहात मात्र लाल झाले.

कोणी बोलावलं तर आदल्या दिवशीच पोहोचा. चतुर्थीला सकाळी गेलात तर माटोळी बांधून झालेली असते.