तीन सक अठरा

परवा भाच्यानं मोबाईलवर एक रील दाखवलं. जांभळी पूड, त्यावर कुणीतरी दोन थेंब टाकतंय आणि लगेच भक्कन जाळ. "मामा, हे खरं असतंय का एडिटिंग?" म्हणलं खरं असतंय रे, पण त्या शहाण्यानं सगळ्यात भारी भागच कापून टाकलाय.

मी सातवीत असताना आमच्या साताऱ्याच्या शाळेत 'चमत्कारांमागचं विज्ञान' दाखवायला एक काका आले होते. डॉ. दाभोलकर साताऱ्याचेच, १९८९ ला त्यांनी महाराष्ट्र अंनिस (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) चालू केली, त्यामुळं असले कार्यक्रम आमच्याकडं काय नवीन नव्हते. काकांनी विटा मांडून होम केला, समिधा रचल्या, काडेपेटी पोरांकडंच ठेवायला दिली. म्हणले आता मंत्रानं पेटवतो, आणि चमचाभर "तूप" सोडून मंत्र कुठला तर बे एके बे! सगळा हॉल हसतोय. बे दाहे वीस झालं, होम ढिम्म. तिनाचा पाढा चालू झाला, मागची पोरं आता काकांनाच हसायला लागली, आणि तीन सक अठराला मधनं चर्रर्र आवाज आला, पांढऱ्या धुराची एक बारीक दोरी वर चढली आणि मग एकदम जाळ, बुडाशी चक्क जांभळट. हॉल शांत. नंतर सांगितलं की तूप म्हणजे ग्लिसरीन आणि समिधांखाली पोटॅशियम परमँगनेट.

त्याच दिवशी त्यांनी रक्ताचा पंजा पण उठवला, हळद फासलेल्या कागदावर चुन्याच्या निवळीत बुडवलेला हात ठेवून. घरी येऊन आज्जीला लय रंगवून सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणली, "त्यात काय, हळदीत चुना घातला की कुंकू हुतंय." विषय संपला. (सांगलीच्या मावशीकडनं पोतंभर हळद यायची आमच्याकडं, त्यातल्या कर्क्युमिनचा हा सगळा खेळ, पण आज्जीला नाव कशाला पाहिजे.)

होम मात्र डोक्यातनं जाईना. इतका वेळ ते आत करत काय होतं? म्हणून जानेवारीत, सकाळी सकाळी, घरात कुणाला न सांगता गच्चीवर मी पण मांडला. परमँगनेट आजोबांच्या पाय धुवायच्या डबीतलं आणि ग्लिसरीन ओठाला लावायचं, बाटलीतनं काकवीसारखं घट्ट उतरत होतं. बेचा पाढा झाला, तिनाचा झाला, चाराचा झाला. काहीच नाही. आता हे फसलं म्हणून वाकून बघायला गेलो आणि तेवढ्यात पेटलं. डावी भुवई अर्धी गेली. आईनं आधी कानाखाली दिली आणि मग बर्फ लावला.

शाळेत विज्ञानाच्या बाई भुवईकडं बघून आधी पोटभर हसल्या, मग नीट सांगितलं. परमँगनेट ऑक्सिजन द्यायला बसलेलंच असतं, ग्लिसरीन दाण्यांना भिडलं की क्रिया लगेच चालू होते, फक्त सुरुवातीला लय हळू. त्यातनं जी थोडी उष्णता निघते तिनं क्रिया जोर धरते, जोर धरला की आणखी उष्णता, असं वाढत वाढत शेवटी भडका. बऱ्याच क्रियांचा वेग १० अंश तापमान वाढलं की साधारण दुप्पट होतो, आणि मी बसलेलो कडाक्याच्या थंडीत, ते पण जाड खडे आणि घट्ट ग्लिसरीन घेऊन. म्हणजे काही होत नाही असं जे मला वाटत होतं तेव्हाच सगळं होत होतं. जांभळट जाळ पोटॅशियमचा. हे सगळं मला आजतागायत पाठ आहे, बाकी सातवीचं काय आठवतंय विचारू नका.

तर भाच्याला म्हणलं चल. गच्चीवर पत्र्याचा तुकडा, दोघांना चष्मे, पाण्याची बादली, आणि वाकायचं नाही हा नियम भुवईसकट समजावून सांगितला. (तुमच्या पोरांना एकट्यानं करू देऊ नका, दुसऱ्यांदा सांगणार नाही.) ह्यानं ग्लिसरीनची एक बाटली फ्रीजमध्ये ठेवलेली आणि एक उन्हात, हे माझ्या डोक्यात सुद्धा आलं नव्हतं. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बसला, मी आपला पाढे म्हणत. उन्हातली बाटली बे सक बाराला पेटली. फ्रीजमधली तिनाच्या पाढ्यात पण नाही, चाराच्या पण नाही, पाचाचा अर्धा झाला तेव्हा धूर दिसला आणि हा पठ्ठ्या मागं उभा राहून दोन्ही हातांनी स्वतःच्या भुवया झाकून बघत होता.

पत्र्याच्या कडेनं फरशीवर तपकिरी डाग पडलाय तो मँगनीज डायऑक्साइडचा. आईनं लिंबू लावून घासला, निम्मा गेला. उरलेल्या निम्म्यासाठी मला अजून बोलणी बसतायत.