टपावर अँटेना, पुणे ते लोणावळा : पाच मीटर वायर घेऊ नका

पुणे ते लोणावळा जाताना रेल्वे स्टेशनांबाहेर थांबून तिथलं वायफाय गाडीतल्या राउटरवर घ्यायचं होतं. म्हणून पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या एका दुकानात गाडीच्या टपावर चिकटवायचा वायफाय अँटेना मागितला, तर वीतभर काडी हातात देऊन दुकानदार छातीठोक म्हणाला, "पंधरा डीबीआय आहे साहेब, दोन किलोमीटरवरचं नेटवर्क खेचतो." सोळाशे सांगितले, हजाराला दिला. डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल किती एकवटतो त्याचं माप. वीतभर उंचीचा, सगळ्या दिशांना चालणारा अँटेना फार तर पाच डीबीआयचा असतो. नऊचा खरा असेल तर हातभर लांब होतो आणि पंधराचा जवळपास पुरुषभर. तेव्हा डब्यावरचा आकडा वाचूच नका, खिशात पट्टी घेऊन जा.

पण हजार रुपये गेल्याचा राग एवढा नाही, जेवढा त्या "फ्री" वायरीचा आहे. अँटेनापासून राउटरपर्यंत जाणारी काळी, बारीक, पाच मीटरची, आरजी-५८ जातीची. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झला ही वायर मीटरमागे साधारण एक डेसिबल खाते. पाच मीटरला पाच. म्हणजे अँटेनाने वर कमावलं ते सगळं खाली येईपर्यंत वायरीने गिळलं. चिंचवड स्टेशनबाहेर गाडी उभी करून मी हा सगळा सरंजाम काढला आणि राउटरची मूळची दांडी लावून तो मागच्या काचेला टेकवला. सिग्नल उणे ८४ वरून उणे ७८ डीबीएमवर आला (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). काहीही विकत न घेता!

त्यात जोडायच्या तोंडांची, म्हणजे कनेक्टरची, भानगड वेगळीच. राउटरवर बहुतेक वेळा आरपी-एसएमए जातीचं असतं आणि बाजारातल्या कितीतरी अँटेनांना साधं एसएमए. आटे जुळतात, पण आत पिनेसमोर पिन येते. जोर लावलात तर राउटर गेला. दुकानातच जोडून बघा, घरी येऊन नको.

करायचं ते एवढंच : अँटेनाची वायर एक मीटरच्या आत ठेवा आणि राउटरच वर, काचेपाशी न्या. त्याला वीज देणारी यूएसबी वायर कितीही वळवून आणा, सिग्नलला फरक पडत नाही. लॅपटॉपला यूएसबी वायफाय अडॅप्टर लावणार असाल तर चांगल्या यूएसबी वायरीने पाच मीटरपर्यंत जाता येतं, तिथे वायफायचा सिग्नल वायरीतून जातच नाही. मेटलची सनफिल्म असेल तर मात्र अँटेना बाहेरच हवा, पत्र्याच्या टपाच्या मधोमध. काचेच्या टपाला चुंबक चिकटत नाही, हे सांगायला लागू नये, पण आमच्या मित्राला सांगावं लागलं.

निघालो जुन्या मुंबई-पुणे हायवेने, कारण रेल्वे जवळून जाते आणि रेल्वेच्या स्टेशनांवर रेलवायरचं (रेल्वेच्या रेलटेल कंपनीचं) वायफाय आहे : रोज अर्धा तास फुकट, एक एमबीपीएसने. बाकी उघडी नेटवर्कं शोधत फिरायचं डोक्यातून काढा. २००८ साली अहमदाबादच्या स्फोटांआधीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घरच्या उघड्या वायफायवरून गेला होता. त्यानंतर इथे कुलूप नसलेलं घरगुती नेटवर्क दुर्मीळ झालं. दिसलंच तरी परवानगीशिवाय शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमात बसतं. सार्वजनिक आहे त्यालाही मोबाइलवर ओटीपी लागतो.

चालत्या गाडीत हे विसरा. ताशी चाळीसने तुम्ही सेकंदाला अकरा मीटर जाता. दोनशे मीटरचा टापू म्हणजे जेमतेम अठरा सेकंद. तेवढ्यात जोडणी, आयपी आणि ओटीपी? बोपोडी ते नाशिक फाटा या टप्प्यात वेग चाळीसचा नव्हता, चारचा होता, तरी काही लागलं नाही. मेट्रोचे खांब, बसेस, ट्रक, सगळीकडे लोखंड. त्या ट्रॅफिकमध्ये जो वेळ गेला त्यावर बोलायची इच्छा नाही. सकाळी सातच्या आत हॅरिस पूल ओलांडा, नाहीतर निघूच नका.

खडकी आणि देहूरोडला टपावर अँटेना ठेवून थांबू नका. दारूगोळा कारखाना, डेपो, छावणी. आम्हाला देहूरोडला एका जवानाने सभ्यपणे, पण दोनदा विचारलं. अँटेना डिकीत टाका, तळेगावला परत काढा.

तळेगाव, कामशेत छान. हवा मस्त, काम झालं, पुढे.

राउटर डब्ल्यूआयएसपी मोडवर ठेवा (काही राउटरांवर यालाच रिपीटर म्हणतात), म्हणजे तो स्टेशनचं वायफाय घेऊन गाडीत स्वतःचं नेटवर्क वाटतो. लॉगिनचं पान राउटरलाच एक ग्राहक समजतं, त्यामुळे एका ओटीपीवर मागचे फोन-लॅपटॉप सगळे चालतात. पान उघडत नसेल तर व्हीपीएन (सगळं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत गुप्तपणे नेणारं ॲप) आणि फोनच्या सेटिंगमधलं प्रायव्हेट डीएनएस आधी बंद करा, लॉगिन झाल्यावर व्हीपीएन लगेच चालू. नेटवर्क यादीत दिसतंय पण जोडत नाही, याचा अर्थ बहुधा तुम्हाला त्यांचं ऐकू येतंय, त्यांना तुमचं नाही. मोठा अँटेना शोधू नका, गाडी पन्नास मीटर पुढे घ्या. फलाटाची पत्र्याची शेड आडवी येत असेल तर शेडच्या टोकाशी, जिथून फलाट उघडा दिसतो तिथे लावा.

आणि पार्किंग. एका स्टेशनाबाहेर अर्ध्या तासाच्या फुकट इंटरनेटसाठी आम्ही चाळीस रुपये मोजले. पावती मागितल्यावर तीवर वीस छापलेले निघाले. वाद घातला, वीस परत मिळाले, पण तेवढ्यात अर्ध्या तासातली बारा मिनिटं गेली. रेल्वेने २०२१ मध्ये पैसे भरून वापरायचे पॅक आणले तेव्हा दिवसाला पाच जीबीचा पॅक दहा रुपयांना होता. दर बघून तो घ्या, फुकटच्या मागे लागू नका. सुट्टे पैसे हातात ठेवा आणि पावती घेतल्याशिवाय काच वर करू नका.