६१७४ चा नाद

आज भाचरांना कापरेकरांचा ६१७४ दाखवला. जन्मसाल घ्या, अंक उतरते मांडा, त्यातून चढते वजा करा. उत्तराचंही तेच. ताईचं २०१३ : ३२१० वजा ०१२३, आले ३०८७. मग ८३५२, मग ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४च! धाकट्याच्या २०१४ ला मात्र सात वजाबाक्या. "मामा, माझंच का लांब?" म्हणून रुसला. अरे, सात म्हणजे कमाल, त्यापुढे कुणाचंच जात नाही! (११११ सारखे सगळे अंक सारखे नकोत, शून्य येतं.) हे १९४९ मध्ये शोधणारे द. रा. कापरेकर देवळालीचे शाळामास्तर. आमच्या पाठ्यपुस्तकात का नव्हतं कुणास ठाऊक. आता पार्किंगमधल्या गाड्यांचे नंबर चालू आहेत, जेवायला कुणी येईना.