रश्श्याच्या गावात सीफूड बॉइल

सीफूड बॉइल म्हणजे कोळंबी, खेकडे, बटाटे आणि कणसे एकाच पातेल्यात मसाल्याच्या पाण्यात उकळून, निथळून खायचा पदार्थ. ज्या पाण्यात सगळे शिजते ते पाणी शेवटी ओतून द्यायचे, ही यातली एकच गोष्ट सांगलीच्या मांसाहारी घरांना पचायला जड जाते. बाकी सगळे आमच्या लोकांना मनापासून आवडते: मोठे पातेले, अंगणातली शेगडी, हाताने खाणे, मनसोक्त पसारा. पण पाहुणे जेवायला बसले आणि समोर तांबड्या तरीची वाटी आली नाही, तर यजमानाचे काहीतरी बिनसले आहे असा समज होतो. आमच्या मामेसासऱ्यांनी केळीच्या पानावर ओतलेला कोळंबी-खेकड्यांचा ढीग पाहिला, दोन कणसे उचलली आणि शांतपणे विचारले, "सूनबाई, रस्सा काय मागनं येतोय व्हय?" त्यांची तेव्हा कशी समजूत घातली ते पुढे येईलच.

हा प्रकार मूळचा अमेरिकेच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावरचा. लुइझियानात वसंत ऋतूत क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले शेवंडासारखे दिसणारे लहान जीव, मिरचीच्या झणझणीत पाण्यात उकळतात. साउथ कॅरोलिनात कोळंबी, मका, बटाटे आणि धुरावलेले सॉसेज एकत्र शिजवतात. तिथल्या सेंट हेलेना बेटावरच्या फ्रॉगमोर या गावाच्या नावावरून त्याला फ्रॉगमोर स्ट्यू म्हणतात, पण त्या 'स्ट्यू'मध्येही रस्सा नसतोच. मेरीलँडमध्ये निळे खेकडे उकळण्याऐवजी वाफवण्याची रीत आहे आणि त्यावर ओल्ड बे नावाचा मसाला भुरभुरतात. जर्मनीतून निर्वासित म्हणून आलेल्या गुस्ताव ब्रून यांनी तो मसाला १९३९ च्या सुमारास बाल्टिमोरमध्ये तयार केला. म्हणजे एकाच देशात तीन किनाऱ्यांच्या तीन तऱ्हा आहेत, आणि मग चौथी तऱ्हा कृष्णाकाठाने काढली तर कोणाची हरकत असू नये.

मात्र कृष्णाकाठी समुद्र नाही, आणि म्हणून या बेतातले निम्मे काम बाजारातच होते. आपल्याकडची समुद्राची मासळी मुख्यतः रत्नागिरी, मालवण आणि गोव्याकडून बर्फात भरलेल्या थर्माकोलच्या पेट्यांतून येते. रत्नागिरीचा माल आंबा घाट चढून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून इथे पोहोचतो. त्यामुळे माल किती वाजता उतरला हे विक्रेत्याला सरळ विचारावे आणि सकाळीच जावे. कोळंबी कवचासह आणि डोक्यासह घ्यावी. कोळंबीचे पाचक रस डोक्यात असतात आणि ती मेल्यावर ते तिचेच मांस पोखरू लागतात, त्यामुळे शिळेपणा आधी मानेशी दिसतो: डोके सैल होऊन लोंबते, सांध्यावर काळपट डाग येतात. डोके घट्ट, कवच चकचकीत आणि वास समुद्राचा असेल तर घ्यावी. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर भाव कितीही उतरला तरी पुढे चालू लागावे. अशा दिवशी चांगली गोठवलेली कोळंबी घेऊन रात्रभर फ्रिजमध्ये सावकाश सुटू देणे अधिक शहाणपणाचे आहे.

खेकडे जिवंतच हवेत, कारण मेलेला खेकडा फार लवकर खराब होतो. इथे एक मोह होतो तो नदीच्या, ओढ्याच्या काळ्या खेकड्यांचा. आपल्या भागात पावसाळ्यात ते आवडीने खातात आणि त्यांचा रस्सा उत्तमच होतो, पण बॉइलसाठी ते उपयोगाचे नाहीत. त्यांत मांस कमी असते, चव कुटून काढलेल्या रसात असते, शिवाय गोड्या पाण्यातल्या खेकड्यांत फुप्फुसाला बाधणारा परजीवी असू शकतो, त्यामुळे ते पूर्ण शिजलेच पाहिजेत. बॉइलला खाडीतली, भरलेल्या नांग्यांची चिंबोरीच घ्यावी. घरी आणल्यावर ती दोरी न सोडता अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवली की बधिर होते. मग वरची पाठ काढून, आतले पिसांसारखे कल्ले टाकून, मधोमध दोन तुकडे करून नांग्यांना वरवंट्याचा एकेक हलका ठोका द्यावा. ठोका जोरात बसला तर कवचाच्या कपच्या मांसात शिरतात, म्हणून हे काम मी उत्साही माणसाकडे देत नाही.

जून आणि जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, पुढे श्रावण येतो, मग गणपती आणि नवरात्र. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि एकादशी वगळल्या आणि सर्वांचे वार जुळवले की आमच्याकडे असा बेत दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी ठरतो. थंडीत शेगडीजवळ उभे राहणेही सुसह्य असते, आणि माल बाजारातून घरी येईपर्यंत टिकतो.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे वेळ. आपण मटण शिजवणारी माणसे आहोत. मटणाच्या सांध्यांत आणि स्नायूंच्या वेष्टनांत असलेले चिवट तंतू बराच वेळ उष्णता मिळाल्यावर विरघळून मऊ होतात, म्हणून 'आणखी थोडे शिजू दे' हा सल्ला मटणाला नेहमी लागू पडतो. कोळंबीत असे तंतू फारच कमी असतात; तिचे मांस लवकर घट्ट होते आणि पुढचे प्रत्येक मिनिट त्यातले पाणी पिळून काढते. उकळत्या पाण्यात मध्यम आकाराच्या कोळंबीला दोन ते तीन मिनिटे पुरतात. रंग लाल झाला हा पुरावा धरू नये. तो लाल रंग कवचात आधीपासून असतो, फक्त एका प्रथिनाला बांधलेला असल्यामुळे कच्च्या कोळंबीत करडा-निळसर दिसतो. उष्णतेने ते प्रथिन मोडले की तो मोकळा होतो, आणि हे मांस शिजण्याच्या आधीच होऊ शकते. त्यापेक्षा आकार पाहावा. कोळंबीने सैल अर्धगोल घेतला की झाली. शेपूट डोक्याला टेकून घट्ट वेटोळे झाले की ती रबरी झाली.

बारा माणसांसाठी तीस लिटरचे स्टीलचे पातेले घ्यावे. भाड्याने मिळणारी मोठी भांडी बहुधा जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची असतात आणि या पाण्यात लिंबू पडते, जे त्या धातूला चालत नाही, म्हणून तेवढी चौकशी करावी. बारा लिटर पाण्यात साडेतीनशे ग्रॅम मीठ घालावे. हा आकडा ऐकून सासूबाईंनी माझ्याकडे बघितले होते, पण समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात आणि हे पाणी त्याहून थोडे सौम्यच आहे. पाच-दहा मिनिटांत कवचाच्या आत चव जायची तर पाणी खारटच हवे. पाण्यात आडवे चिरलेले लसणाचे चार गड्डे, उभे चिरलेले कांदे, आले, तमालपत्र, मिरे, लवंगा, धने, मोहरी, मूठभर सुकी संकेश्वरी मिरची आणि अर्धी कापलेली आठ लिंबे घालून वीस मिनिटे उकळू द्यावे. हळद मात्र पाण्यात घालू नये. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याचा अभिमान मलाही आहे, परंतु हाताने सोलून खाण्याच्या पदार्थात ती पडली की पाहुण्यांची बोटे आणि घरातले टॉवेल आठवडाभर त्या अभिमानाची साक्ष देतात.

या उकळीत प्रथम दोन किलो लहान बटाटे सालासकट टाकावेत. दहा मिनिटांनी चिंबोऱ्यांचे तुकडे आणि तीन-तीन भाग केलेली आठ कणसे. मका स्वीटकॉर्नचाच घ्यावा; देशी कणीस अधिक चविष्ट असते, परंतु दाणा निबर असेल तर ते पाऊण तास मागते आणि सगळे वेळापत्रक विस्कटते. आणखी दहा मिनिटांनी, बटाट्यात सुरी सहज जाते आहे याची खात्री करून, कोळंबी अडीच किलो. पाण्याला पुन्हा उकळी फुटू लागली की गॅस बंद करावा आणि दोन-तीन मोठे वाडगे बर्फ ओतावा. लुइझियानातही आच बंद केल्यावर माल पाण्यात मुरत ठेवतात. बर्फाने शिजणे मंदावते आणि मीठ-मसाला आत जायला दहा मिनिटे मिळतात. आच बंद झाल्यावर मोठ्याने 'कच्चे राहील' असे म्हणणारी एक तरी व्यक्ती प्रत्येक घरात असते; तिच्या हाती त्या वेळी काकडी चिरायला द्यावी.

डुकराचे धुरावलेले सॉसेज आमच्याकडे कोणी खात नाही. त्याच्या जागी मी उकडलेली अंडी घालते, आणि अमेरिकेतही अनेक घरांत ती घालतात. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मी या पातेल्यात टाकतच नाही, कारण एकीतून निघालेली वाळू सगळ्यांच्या दाताखाली येते. त्या मिठाच्या पाण्यात दोन तास ठेवून, उघड्या राहिलेल्या आणि टिचकी मारूनही न मिटणाऱ्या टाकून द्याव्यात. बाकीच्या वेगळ्या पातेल्यात थोड्या पाण्यावर, लसूण आणि हिरव्या मिरचीबरोबर झाकण ठेवून चार-पाच मिनिटे वाफवाव्यात. शिजूनही ज्या उघडत नाहीत त्या बाजूला काढाव्यात. या तिसऱ्यांचे जे पाणी सुटते ते फडक्यातून गाळले, त्यात पातळ नारळाचे दूध आणि कोकम घातले, की कपातून देता येते. मामांना मी तेच दिले. त्यांनी ते तीन वेळा मागून घेतले आणि मग मोठ्या पातेल्यातल्या पाण्याविषयी तक्रार केली नाही.

मसाल्याची खरी जागा लोण्यात आहे. मिरचीचा तिखटपणा आणि रंग पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात चांगले उतरतात, म्हणून उन्हाळ्यात करून ठेवलेला घरचा कांदा-लसूण मसाला पाण्यात वाया घालवू नये. पाव किलो लोणी मंद आचेवर वितळवून त्यात ठेचलेला लसूण फक्त वास सुटेपर्यंत परतावा, गॅस बंद करून तीन चमचे कांदा-लसूण मसाला, रंगासाठी एक चमचा ब्याडगी मिरचीचे तिखट, दोन लिंबांचा रस आणि कोथिंबीर घालावी. मसाल्यातले खोबरे आणि कांदा आधीच भाजलेले असतात. आचेवर राहिले तर करपून कडवट होतात. अर्धे लोणी निथळलेल्या मालावर ओतून हाताने हलकेच वरखाली करावे, अर्धे वाट्यांतून बुडवून खायला ठेवावे. लुइझियानाकडच्या कॅजन मसाल्याची डबी ऑनलाइन मिळते, ती मी आणूनही पाहिली आहे. कांदा-लसूण मसाल्यापुढे ती मला फिकी वाटली.

निथळण्यासाठी बांबूची दुरडी सर्वांत चांगली. तिकडे हा ढीग वर्तमानपत्रावर ओततात, पण छपाईची शाई गरम, ओल्या अन्नाला लागते आणि आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही वर्तमानपत्रात अन्न देऊ नये असे बजावले आहे. आपल्याकडे केळीची पाने असताना तो प्रश्नच येत नाही. लांब टेबलावर पाने एकमेकांवर चढवून अंथरावीत आणि ढीग मध्ये एकच न करता तीन ठिकाणी करावा, नाहीतर टोकाला बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या वाट्याला बटाटेच येतात. खेकड्याच्या नांग्या फोडायला वेगळे हत्यार विकत घ्यायची गरज नाही. सासूबाईंचा पितळी अडकित्ता त्यासाठी अगदी बेतशीर निघाला. नांगी सांध्यापाशी धरून हलका दाब दिला की कवच कट्कन तुटते आणि आतले मांस अखंड बाहेर येते. त्या दिवसापासून त्या अडकित्त्यावर सुपारी कातरली जात नाही, आणि याबद्दल घरात दोन मते आहेत.

बोलावण्यापूर्वी प्रत्येकाला कवचाच्या माशांची ॲलर्जी आहे का हे विचारावे, कारण ती मोठेपणीही उद्भवू शकते. शाकाहारी मित्रांसाठी बटाटे, कणसे, मश्रूम आणि कांदे वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या झाऱ्याने, आधी शिजवावेत आणि त्यांचे लोणीही वेगळ्या वाटीत काढावे.

उरलेली कोळंबी टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. सोलून डब्यात भरून फ्रिजमध्ये टाकावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंड्याच्या भुर्जीत अगदी शेवटी, गॅस बंद करताना घालावी. कवचे मात्र त्याच रात्री दुहेरी पिशवीत बांधून फ्रीझरच्या कोपऱ्यात ठेवावीत आणि घंटागाडी दाराशी आल्यावरच बाहेर काढावीत, नाहीतर गल्लीतली सगळी मांजरे पहाटेपर्यंत तुमच्या फाटकावर बसतात.